संक्रांत ते रथसप्तमी: घरचा हलवा, घरचं वाण आणि बेतातलं हळदीकुंकू

काही वर्षांपूर्वी मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे छोटे डबे लुटले. ठोक बाजारातून आणले होते, रंग छान होते, बायकांनी कौतुकही केलं. उन्हाळ्यात त्यातले चार डबे आमच्याच इमारतीच्या कचऱ्याच्या पिंपाशेजारी पडलेले दिसले, झाकणांचे कान तुटलेले. मला फार वाईट वाटलं. त्याच संक्रांतीला सांगलीच्या आत्याने मला जुन्या लुगड्याची एक पिशवी दिली होती. ती आजही माझ्या भाजीची पिशवी आहे.

तेव्हापासून ठरवलं, की संक्रांतीचं जे काही करायचं ते घरात, हाताने करायचं. तिळगूळ, हलवा, दागिने, वाण, सगळं. हे करायला पैसा कमी लागतो, पण वेळ लागतो, आणि तो आधी काढावा लागतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जागं झालं की मग सगळं विकतच आणावं लागतं. म्हणून मी डिसेंबरच्या मध्यापासून काय काय करते, ते क्रमाने लिहिते.

आधी कॅलेंडर उघडा

संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरते, म्हणून ती 14 किंवा 15 जानेवारीलाच येते. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे चंद्राच्या तिथीवर. त्यामुळे या दोन दिवसांमधलं अंतर दरवर्षी बदलतं. 2025 साली संक्रांत 14 जानेवारीला आणि रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती, हळदीकुंकवाला तीन आठवडे मिळाले. 2026 साली रथसप्तमी 25 जानेवारीलाच आली, अवघे अकरा दिवस. अशा वर्षी प्रत्येक शनिवार-रविवारी चार-चार घरची बोलावणी येतात आणि आपल्याकडे यायला कुणाला सवड नसते. म्हणून डिसेंबरमध्येच तारीख धरा आणि जवळच्या चारपाच जणींना तोंडी सांगून ठेवा.

त्याच बैठकीत किती जणी येणार ते मोजा. मी चोवीस धरते. खर्चाचा आकडाही तेव्हाच ठरवते, एकूण दीड हजार, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग खाण्यावर. वाणावर दोऱ्याशिवाय काही खर्च करायचा नाही, हे ठरलेलं.

जमत असेल तर शेजारच्या दोघींना बरोबर घ्या. तिघींनी मिळून एकच हळदीकुंकू करायचं. घर एकीचं, खाणं दुसरीचं, हलवा-तिळगूळ तिसरीचा, आणि प्रत्येकीने आपापलं वाण लुटायचं. येणाऱ्या बाईला तीन घरी जायचं ते एका घरी होतं, आणि तिघींचा खर्च एका फटक्यात खाली येतो.

एका साडीतून बारा पिशव्या

वाणाची तयारी सगळ्यात आधी सुरू करायची, कारण ते खराब होत नाही. माझ्याकडे ठरलेलं वाण म्हणजे जुन्या सुती साडीच्या पिशव्या. हिशेब असा: साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण 216 इंच लांब, आणि पन्हा 44 इंचांच्या आसपास. पन्ह्यात 16 इंचांचे दोन तुकडे बसतात आणि 12 इंचांची पट्टी उरते. लांबीत 34 इंचांचे सहा तुकडे. झाले बारा तुकडे. उरलेल्या पट्टीतून 4 इंच रुंद आणि 20 इंच लांब असे बंद काढायचे. बारा पिशव्यांना चोवीस बंद लागतात, तीस निघतात.

कात्री लावण्याआधी साडी खिडकीत उजेडापुढे धरा. कमरेला खोचायचा भाग विरलेला असतो, फॉलची कडही कधीकधी कुजलेली असते. दोन्ही हातांनी जोरात ताणून बघा. चर्रर्र आवाज आला तर तो भाग सोडून द्या. अशा साडीतून दहा पिशव्या निघाल्या तरी चालतं.

शिवण सोपी आहे. 34 इंचांच्या तुकड्याची दोन्ही आखूड टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारायची, हे झालं पिशवीचं तोंड. मग कापड मधोमध दुमडायचं, उलट्या बाजू आत, आणि दोन्ही कडांना अगदी काठाजवळून शिवण घालायची. पिशवी उलटी करायची आणि पुन्हा पाव इंच आतून दुसरी शिवण. यामुळे कापलेल्या कडा शिवणीच्या आत बंद होतात आणि दोरे सुटत नाहीत. बंद चार घड्या करून एक इंचाचा करायचा, दोन्ही कडांना टीप, आणि पिशवीला जोडताना चौकोन शिवून त्यात फुली मारायची. पिशवी फाटते ती नेहमी बंदाशी, म्हणून ही फुली चुकवू नका. एका बैठकीत माझ्या चार होतात. मशीन नसेल तर हाताने धावदोऱ्याऐवजी बखया टाका घाला, वेळ दुप्पट लागेल पण पिशवी टिकेल.

शिवणकाम येत नसेल तर वाणाला दुसऱ्या वाटाही आहेत. घरी भाजलेलं मेतकूट कागदाच्या पुडीत, मेथी-धने-पालकाच्या बियांची पुडी, गरम भांडं धरायच्या चौकोनी गोधड्या. दिलेली वस्तू घेणारीच्या घरात रोज हाताळली जाईल का, एवढं एकदा स्वतःला विचारा.

हलवा

आता खरं काम. घरी हलवा करणं म्हणजे तीन दिवस रोज दोन-अडीच तास एका जागी बसणं. बाजारात हलवा मिळतो, पुण्यात तुळशीबागेत आणि मुंबईत दादरला तर दुकानंच्या दुकानं भरलेली असतात. तरीही एकदा घरी करून बघा असं मी आग्रहाने सांगेन. बोटांखाली तिळावर पहिला काटा फुटलेला जाणवतो ना, तो आनंद सांगून समजायचा नाही.

थंडी आणि कोरडी हवा, दोन्ही हव्यात. देशावर जानेवारीचा पहिला आठवडा उत्तम. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात हवा दमट असते, तिथे पहाटे करा आणि पंखा लावू नका. पंख्याच्या वाऱ्याने पाक बोटालाच सुकतो.

साहित्य थोडं: दोन मोठे चमचे पांढरे तीळ, दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, एक चमचा दूध, लिंबाचे चारपाच थेंब. तिळाऐवजी खसखस घेतली तर बारीक हलवा होतो, साबुदाण्याचा मण्यासारखा गोल, लवंगेचा टोकदार, आणि कलिंगडाच्या सोललेल्या बियांचा लांबट, पाकळीसारखा. दागिने करायचे असतील तर हे तीनचार प्रकार थोडे थोडे करा, नुसत्या तिळाच्या हलव्याने दागिन्याला आकार येत नाही.

साखर आणि पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की चमचाभर दूध घाला. साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते, ती चमच्याने काढून टाका. लिंबाचे थेंब घाला म्हणजे पाक भांड्यात साखरत नाही. पाक बोटाला चिकट लागला, एक तार धरू लागली की उतरवून गाळून घ्या. पाक याहून पुढे गेला तर तिळाला लागताक्षणी कोरडा होऊन गळून पडतो.

तीळ निवडून हलके भाजून घ्या. पितळेची किंवा जाड स्टीलची परात घ्या. पूर्वी शेगडीवर निखाऱ्यांच्या मंद आचेवर करायचे. आपण गॅसवर जाड तवा ठेवून त्यावर परात ठेवायची, आच अगदी बारीक. परातीत हात ठेवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. त्याहून गरम वाटली तर उतरवा.

आता परातीत तीळ पसरा आणि पाकाचा अर्धा चमचा, चहाचा चमचा बरं का, थेंब थेंब फिरवून घाला. चारही बोटांच्या टोकांनी तीळ गोल हलवत राहा, दाबायचे नाहीत, नुसते लोळवायचे. सुरुवातीला चिकटतात, मग सुटे होतात, मग कोरडा सळसळ आवाज येऊ लागतो. तो आवाज आल्याशिवाय दुसरा अर्धा चमचा घालायचा नाही. सगळं कौशल्य एवढंच आहे. पहिल्या वर्षी मी कंटाळून दोन मोठे चमचे एकदम घातले आणि सगळ्या तिळांचा एक गोळा झाला. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, हलवा तुझ्या वेळेवर चालत नाही, तू त्याच्या वेळेवर चाल. आता तो गोळा कुटून चिक्कीत घाल."

बोटांशी पाक साठतो, तो ओल्या फडक्याला पुसत जा आणि लगेच कोरड्या फडक्याला. परातीच्या तळाशी साखरेची पिठी जमते. दर अर्ध्या तासाने तीळ चाळणीत घेऊन ती पिठी झाडा आणि परात पुसा. पिठी राहू दिली तर तीच तिळाला चिकटून हलवा गुळगुळीत होतो, काटा येत नाही.

पहिल्या दिवशी तीळ पांढरे आणि जरा टपोरे झालेले दिसतील, एवढंच. पातळ मलमल झाकून रात्रभर परात तशीच ठेवा. खाली थाळीत पाणी घालून त्यात परात ठेवा, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी बारीक खडबडीतपणा येतो. तिसऱ्या दिवशी पाक पुन्हा गरम करून, जरा पातळ करून, अगदी थेंबांनी घालायचा आणि बोटं अलगद फिरवायची. काटे याच दिवशी उभे राहतात. रंग हवा असेल तर शेवटच्या पाकात केशर किंवा बिटाचा रस. मला पांढरा शुभ्रच आवडतो, काळ्या साडीवर तोच खुलतो.

हलव्याचे दागिने

नवी सून असेल तर पहिल्या संक्रांतीला तिला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, जावयाला हलव्याचा हार आणि नारळ, आणि तान्ह्याला मुकुट, बासरी, बाजूबंद, मनगट्या. विकतचा पूर्ण संच महाग पडतो. घरी मात्र हलवा तयार असला की खर्च दोऱ्याचा, जरीचा आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा.

हार आणि बांगड्या दोऱ्यात गाठवून करतात. पांढरा जाड दोरा दुहेरी घ्या. दोन पदरांच्या मध्ये हलव्याचा दाणा धरा, पदरांना एक पीळ द्या आणि गाठ मारा. दाणा काट्यांमुळे गाठीत पक्का बसतो. मग पुढचा दाणा. साबुदाण्याचा हलवा मुख्य माळेला, मध्ये मध्ये लांबट बियांचा. मधल्या जागी सोनेरी जर गुंडाळली की दागिन्याला झळाळी येते. एका हाराला एक संध्याकाळ जाते. घरातल्या मुलींना आणि मुलांनाही बसवा, लहान बोटांना ही गाठ पटकन जमते.

बुगड्या, बिंदी, मुकुट, कंबरपट्टा हे पुठ्ठ्यावर. आकार कापून त्यावर सोनेरी कागद लावा आणि दाट डिंकाने एकेक दाणा बसवा. ओला डिंक जास्त झाला तर हलवा विरघळून चपटा होतो, काडीच्या टोकावर मावेल एवढाच घ्या. रात्रभर सुकू द्या. चिकटवलेले दागिने नंतर खायचे नाहीत हे मुलांना बजावून सांगा. दोऱ्यातले दागिने मात्र सोडून खाता येतात.

हे दागिने घामाने आणि दवाने पाघळतात. अंगावर फोटोपुरते आणि औक्षणापुरतेच ठेवा. तोवर कोरड्या डब्यात मलमलीत गुंडाळून ठेवायचे, फ्रिजमध्ये कधीच नाही.

तिळगूळ आणि गुळपोळी

तिळगूळ दोनतीन दिवस आधी करा. पाव किलो न पॉलिश केलेले तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, शंभर ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट, पन्नास ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, एक चमचा तूप, वेलदोडा. याचे छोटे, खाताना एका घासात जातील असे चाळीसच्या आसपास लाडू होतात.

तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. कढईत तूप, चिरलेला गूळ आणि चमचाभर पाणी घाला. गूळ विरघळून फेस आला की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाका. बोटांनी गोळा करता आला तर लाडू मऊ होतील, म्हाताऱ्या माणसांना असेच आवडतात. थेंब कडक होऊन वाटीवर आपटल्यावर टण वाजला तर लाडू खुसखुशीत. ज्यांचे दात पक्के त्यांच्यासाठी हा पाक. मग गॅस बंद, सगळं एकदम घालून ढवळा आणि हाताला पाणी लावून गरम गरम वळा. दोघी असाल तर बरं, एकटीने वळताना शेवटचं मिश्रण कढईतच घट्ट होतं. तसं झालं तर कढई मिनिटभर पुन्हा आचेवर ठेवायची.

गुळपोळीला साधा पिवळा गूळ घ्या, चिक्कीचा नको, त्याची पोळी कडक होते. किसलेल्या गुळात तेलावर खमंग भाजलेलं बेसन, तिळाचं आणि खसखशीचं कूट, वेलदोडा घालून चांगलं मळा, एकही खडा राहता कामा नये. खडा राहिला की पोळी तिथेच फुटते. कणकेच्या दोन लाट्या आणि तेवढ्याच आकाराची गुळाची एक गोळी. गुळाची गोळी दोन लाट्यांच्या मध्ये ठेवून कडा दाबायच्या आणि तांदळाच्या पिठीवर लाटायचं. गूळ कडेपर्यंत गेला पाहिजे, नुसत्या कणकेची कड उरली तर कातण्याने कापून टाका. तव्यावर गूळ सांडला तर ओल्या फडक्याने लगेच पुसा, पुढची पोळी काळी होत नाही. या पोळ्या आठ दिवस सहज टिकतात, गार झाल्यावर तुपाबरोबरच खायच्या.

भोगी आणि सुगडं

भोगीचा दिवस माझ्या मते वर्षातल्या सर्वांत चविष्ट जेवणाचा, आणि सर्वांत स्वस्तही, कारण सगळं त्याच दिवसांत शेतात आलेलं असतं. हरभऱ्याचे सोलाणे, पावट्याचे दाणे, गाजर, वांगी, घेवडा, ओल्या शेंगा, दोनचार बोरं, भरपूर तिळाचं कूट. बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणतात, ते या थाळीपुढे बसलं की पटतं.

सुगडं कुंभाराकडूनच घ्या. पुण्यात कसब्यातला कुंभारवाडा, मुंबईत धारावीचा. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, त्यांना हळदकुंकवाची बोटं ओढून, दोरा गुंडाळून, आत ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी आणि तिळगूळ भरायचा. पूजा झाल्यावर ही सुगडं गच्चीच्या कोपऱ्यात टाकून देऊ नका. तळाशी खडे आणि वर माती घालून त्यांत मेथी पेरा. आठ-दहा दिवसांत हळदीकुंकवाला टेबलावर ठेवायला कोवळ्या मेथीची हिरवी बोळकी तयार, सजावटीला दुसरं काही लागत नाही.

हळदीकुंकवाची संध्याकाळ

चार ते आठ अशी वेळ द्या. चोवीस जणी एकदम येत नाहीत, सात-आठ येतात, बसतात, जातात. त्यामुळे आठ खुर्च्या आणि दहा-बारा स्टीलच्या ताटल्या पुरतात, एकीने धुवायचं आणि दुसरीने पुसायचं. थर्मोकोलच्या डिशेस आणूच नका, महाराष्ट्रात 2018 पासून त्यांवर बंदी आहे.

खायला एकच पदार्थ, पण पोटभर. चारपाच पदार्थ थोडे थोडे केले की खर्चही वाढतो आणि आपण दिवसभर स्वयंपाकघरात अडकतो. जानेवारीत मटार स्वस्त आणि गोड असतो. चार किलो शेंगा आणल्या की पावणेदोन ते दोन किलो दाणे निघतात. आलं, मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं वाटून हिरवी उसळ आणि सोबत पाव, चोवीस जणींना आठ लाद्या. प्यायला आलं-गवती चहाचा गुळाचा चहा. गूळ उकळत्या दुधात घालू नका, दूध फाटतं. गॅस बंद करून शेवटी घाला. शेंगा आदल्या रात्री सोलायच्या, सगळ्या घराने मधे परात घेऊन. आमच्याकडे त्या तासाभरात जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या महिन्यात होत नाहीत.

दाराशी एका तबकात क्रमाने मांडून ठेवा: गुलाबदाणी, अत्तरदाणी, हळदीकुंकवाचा करंडा, हलव्याची वाटी, फुलं. आत आलेल्या बाईवर गुलाबपाणी शिंपडायचं, मनगटाच्या वरच्या बाजूला अत्तराचं बोट, हळदकुंकू, हातावर हलवा, केसांत माळायला फूल. खाणं झाल्यावर ओटीत हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची गंडेरी आणि मग वाण. तीन जणी असाल तर एक दाराशी, एक चुलीशी, एक वाणापाशी.

एक गोष्ट मी मनापासून सांगते. बोलावताना कुणालाही वगळू नका. नवरा गेलेली शेजारीण, लग्न न केलेली मैत्रीण, घटस्फोट झालेली बहीण, सगळ्यांना सारखंच बोलवा आणि सारखंच कुंकू पुढे करा. लावायचं की नाही हे तिने ठरवावं, आपण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता इतर गावांनीही गिरवावा असं परिपत्रक काढलं. एका गावाला जमलं ते एका घराला जमायला हरकत नाही. ती बाई यायला कचरते, म्हणून नुसता निरोप पाठवू नका, स्वतः जाऊन तिला मदतीला म्हणून दुपारीच घेऊन या. आमच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या वर्षी उसळ ढवळायला आल्या होत्या. गेल्या वर्षी दाराशी गुलाबदाणी घेऊन त्याच उभ्या होत्या.

बोरन्हाण

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. हल्ली त्याला हॉल, फुग्यांची कमान आणि छापील फलक आले आहेत. खरं तर एक पाट, एक चादर आणि शेजारची दहाबारा मुलं एवढं पुरे.

दहाबारा मुलांना अर्धा किलो चुरमुरे, किलोभर बोरं, अर्धा किलो भुईमुगाच्या शेंगा, एका उसाच्या गंडेऱ्या, दोन जुड्या घाटे, मूठभर हलवा आणि बत्तासे घ्या. चादर मोठी अंथरा, भिंतीपर्यंत. मधे पाट, त्यावर काळं झबलं किंवा फ्रॉक घातलेलं बाळ. दागिने घालून औक्षण करा, फोटो काढा आणि मुकुट लगेच उतरवा, तो टोचतो. मग वाटीने हलकेच डोक्यावरून सोडायचं.

बाळ दीड-दोन वर्षांच्या आतलं असेल तर त्याच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या सोडा, बाकीचं सगळं चादरीवर बाजूला ओता. बोर डोक्यात लागतं, आणि बाळ घाबरलं की पुढचा तासभर रडतं. त्याहून महत्त्वाचं, शेंगदाणे, हरभरे, बोराच्या बिया आणि हलव्याचे दाणे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. बाळाशेजारी एका मोठ्या माणसाने शेवटपर्यंत बसायचं आणि त्याच्या मुठीतलं बघत राहायचं. थोडी मोठी मुलं लुटायला तुटून पडतात, त्यांना प्रत्येकी एक कागदी पिशवी हातात द्या आणि बाळाच्या पाटापासून एक हात लांब थांबायला सांगा.

परदेशात असाल तर तिथल्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात हवा कोरडी असते, हलवा इथल्यापेक्षा सोपा जातो. बोरं मिळाली नाहीत तर द्राक्षं चादरीवर ठेवा, मात्र लहानांना देताना उभी चिरूनच. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम बहुधा शनिवारी-रविवारी कुठेतरी दूरच्या सभागृहात असतो, तिथे जाच, पण घरी चार मुलं बोलावून एक छोटं बोरन्हाण जरूर करा.

रथसप्तमीच्या सकाळी उरलेलं सगळं आवरायचं. अंगणात, नाहीतर गच्चीवर, उन्हाच्या दिशेने तोंड करून बारीक गोवऱ्या पेटवायच्या आणि एका बोळक्यात दूध तापवून ते उतू जाऊ द्यायचं. सुगडांमधली मेथी तोवर वाढलेली असते, ती खुडून त्याच दिवशी परतायची. उरलेला हलवा काचेच्या बरणीत, झाकणाखाली कागद लावून. आणि या वर्षी किती मटार लागला, किती पाव उरले, कुणाला पिशवी मिळाली नाही, हे सगळं कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानामागे लिहून ते पान पुढच्या डिसेंबरसाठी साडीच्या कपाटात ठेवायचं, पिशव्यांसाठी बाजूला काढलेल्या साडीच्या घडीत.